फिरती डिस्क गेली

आटपाडीच्या बाजारपेठेत लॅपटॉप घ्यायला गेलं की दुकानदार हल्ली विचारतो, "२५६ टाकू का ५१२?" दहा वर्षांपूर्वी हाच माणूस "५०० जीबी का एक टीबी?" असं विचारायचा. आकडा वाढायचा सोडून घटला आणि गिऱ्हाइकाने त्याबद्दल हूं की चूं केलं नाही, कारण आतली वस्तूच बदलली. फिरणारी हार्डडिस्क गेली, तिच्या जागी न फिरणारी एसएसडी आली. लॅपटॉप चटकन सुरू व्हायला लागला, बॅटरी जास्त पुरायला लागली, एसटीत पिशवी आपटली तरी काळजात धस्स होईना. सगळं भल्याचंच झालं. तरी गेलेलीबद्दल चार शब्द लिहायला हवेत. ती जशी मरायची तसं मरणं तिच्या जागी आलेलीला जमत नाही.

आधी एक खुलासा. हार्डडिस्क ही जात संपलेली नाही. आपण मोबाइलवरून 'क्लाउड'वर जे फोटो चढवतो, ते बऱ्याच अंशी कुठल्या तरी डेटा सेंटरमधल्या साडेतीन इंची फिरत्या डिस्कवरच जाऊन बसतात. गेली ती तिची धाकटी बहीण, अडीच इंची, लॅपटॉपच्या पोटात राहणारी. घराणं १९५६ चं. त्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये आयबीएमने रॅमॅक नावाचं यंत्र आणलं. त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक फिरत आणि सगळ्यांवर मिळून ५० लाख अक्षरं मावत. आज मोबाइलवरच्या एखाद्या फोटोलाच तेवढी जागा लागते. आपल्याकडे तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं होतं, आमचं औंध संस्थान विलीन होऊन आठ वर्षं झाली होती, आणि आटपाडी 'दक्षिण सातारा' जिल्ह्यात मोडत होती. जिल्ह्याला सांगली हे नाव १९६० साली मिळालं. अडीच इंची डिस्क आली १९८८ मध्ये, अवघ्या २० एमबीची. त्याच वर्षी फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पीटर ग्र्युनबर्ग यांना, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अतिपातळ चुंबकीय थरांचा असा एक गुण सापडला की त्यामुळे पुढे अगदी क्षीण चुंबकीय खूणही वाचता येऊ लागली. दोघांना त्याबद्दल २००७ चं नोबेल मिळालं. साधारण तेव्हाच लॅपटॉप तालुक्याच्या गावांपर्यंत पोचू लागले होते.

तिची घडण सांगितल्याशिवाय तिची शर्थ कळायची नाही. आत ६५ मिलिमीटर व्यासाची तबकडी, बहुतेकदा काचेची, वर चुंबकीय पदार्थाचा लेप. मिनिटाला ५,४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ९०. काठापाशी हा वेग ताशी ६५ किलोमीटरच्या पुढे जातो. वाचणारं-लिहिणारं हेड या तबकडीला टेकत नाही. फिरण्याने उठलेल्या हवेच्या थरावर ते काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. माणसाच्या केसाची जाडी याच मापात ८० हजारांच्या घरात जाते, तेव्हा धुळीच्या कणाची काय कथा! म्हणून डिस्कला बाहेरच्या हवेशी जोडणारं एकच बारीक भोक असे, आतून त्याला गाळणी, आणि शेजारी 'हे भोक झाकू नका' अशी इंग्रजीतली तंबी.

असली नाजूक वस्तू माणदेशात नांदली. फाल्गुन-चैत्रात माळावरून वावटळी उठतात, खिडकी लावून घेतली तरी टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी माती बसते. त्यात वीज. २००५ नंतरची काही वर्षं भारनियमनाची होती. वेळापत्रक असायचं, पण वीज वेळापत्रक वाचून जायची नाही. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून हे चालून जायला हवं, पण गावाकडे लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांत झोपायची आणि पुढे मशीन कायम चार्जरवर, म्हणजे थेट भिंतीतल्या विजेवर. वीज गेली की तबकडी फिरत असतानाच प्राण जायचा. तेवढ्यातही ती एक गोष्ट करायची. स्वतःच्या फिरण्याच्या उरल्यासुरल्या जोरातून मोटर घडीभर वीज निर्माण करायची, आणि त्या विजेवर हेड उचलून बाजूच्या उतरणीवर नेऊन ठेवायची. मेली तरी हेड तबकडीवर पडू द्यायची नाही. कंपन्यांच्या तांत्रिक कागदांत नेहमीच्या उचलण्या लाखांत मोजलेल्या असत आणि या आणीबाणीच्या उचलण्या हजारांत, साधारण २० हजार. आमच्याकडच्या डिस्कनी त्यातल्या किती वापरल्या असतील ते महावितरणलाच ठाऊक.

या डिस्कवर असायचं काय? फोटो स्टुडिओवाल्याकडे लग्नसराईची सगळी कमाई तिच्यावर: शूटिंग, मिक्सिंग अर्धवट राहिलेलं, करिझ्मा अल्बमची पानं. सायबर कॅफेत आणि एमएस-सीआयटीच्या वर्गात पोरांचे अर्ज, दाखले, बायोडेटा. डाळिंबवाल्याकडे बहाराचा हिशेब आणि कुठल्या तारखेला काय फवारलं त्याची नोंद. डीटीपीवाल्याकडे लग्नपत्रिका, यात्रेची पावती-पुस्तकं, निवडणुकीची पत्रकं, एखाद्या निवृत्त गुरुजींच्या आत्मचरित्राचं निम्मं टायपिंग. या तालुक्याला लिहिणाऱ्यांचा तोटा कधीच नव्हता. गदिमा शेटफळ्याचे, व्यंकटेश माडगूळकर माडगूळचे, शंकरराव खरात आटपाडीचेच. त्यांचं लेखन कागदावर झालं आणि कागदावर राहिलं. २००५ ते २०१५ या दहा वर्षांत इथे ज्याने कुणी लिहिलं, त्याचं पहिलं घर ही अडीच इंची डिस्क होती, आणि पुष्कळदा शेवटचंही.

डीटीपीच्या फायलींना आणखी एक भोग होता. त्या काळचं मराठी टायपिंग युनिकोडमध्ये कमी, श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्येच जास्त. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी छापखान्यांची लाडकी होती. या फॉन्टमध्ये फायलीत खरं म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. फॉन्ट त्यांना देवनागरीचा पोशाख चढवतो. त्यामुळे डिस्कवरून फाइल जिवंत निघाली तरी मशीनवर तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसता चिन्हांचा गाळ दिसायचा. 'रिकव्हरी फसली' म्हणून शाबूत फायली लोकांनी पुसून टाकल्या आहेत. आजही कुणाला असा गाळ दिसला तर हात आवरावा. तो बहुधा मराठीच असतो.

आता तिच्या मरणाबद्दल. ती एकाएकी क्वचितच जायची. आधी मशीन जड व्हायचं, एखादा फोल्डर उघडायला चहा पिऊन होईल एवढा वेळ लागायचा. सुरू होताना मशीन स्वतःहून डिस्क तपासायला घ्यायचं. मग एक दिवस तो आवाज यायचा. टक, टक, टक, थांबा, पुन्हा टक. हेडला आपली जागा सापडत नाहीये, ते पुन्हा पुन्हा टोकाला जाऊन परत येतंय, असा त्याचा अर्थ. इतकं स्पष्ट सांगून जाणारं यंत्र दुसरं मी पाहिलं नाही. आपण मात्र तो आवाज ऐकून काय करायचो? बंद करून पुन्हा सुरू. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. मग कुणीतरी जाणता सांगायचा की थापट मारून बघ. दुसरा म्हणायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव. हा फ्रीजरचा तोडगा जगभर चालायचा, नुसता आटपाडीचा नव्हे. फार जुन्या डिस्कचे अडकलेले भाग थंडीने सुटायचेही म्हणे. नंतरच्या डिस्कमध्ये बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरायचं आणि त्या दवातून हेड ओढलं जायचं. फ्रीजरमध्ये मटार ठेवावेत.

खरं काम धीराचं होतं. डिस्क अजून थोडी वाचता येत असेल तर तिच्यावरच्या फायली शोधत बसायचं नाही. आधी अख्खी डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या चांगल्या डिस्कवर उतरवून घ्यायची. त्यासाठी डीडीरेस्क्यू नावाची फुकट आज्ञावली आहे. ती सोपं ते आधी वाचते. जिथे डिस्क अडखळते तो पट्टा ओलांडून पुढे जाते, काय उरलं त्याची नोंद ठेवते आणि अवघड जागांकडे शेवटी वळते. मरणाऱ्या माणसाशी बोलायची रीतही हीच असावी. मोठे प्रश्न आधी विचारून त्याला दमवू नये. उतरवलेल्या प्रतीवर मग टेस्टडिस्क, फोटोरेक ही ख्रिस्तोफ ग्रेनिये या फ्रेंच माणसाने बनवलेली अवजारं चालवायची, तीही फुकट. आपल्याकडची बरीच डेटा रिकव्हरी याच मोफत अवजारांवर झाली आणि गिऱ्हाइकाला बिल लागलं. त्यात वावगं काही नाही. पैसे रात्र जागण्याचे असतात.

हेडच गेलं असेल तर काम तालुक्यात होत नाही, पुण्या-मुंबईला जावं लागतं. तिथे धूळविरहित कपाटात झाकण उघडून दुसऱ्या डिस्कचं हेड हिला बसवतात. ते देणाऱ्या डिस्कला 'डोनर' म्हणतात. डोनर त्याच मॉडेलची लागते, जमल्यास त्याच कारखान्यातली, जवळच्याच तारखेची. नुसतं खालचं सर्किट बोर्ड जळलं असेल तर दुसऱ्या डिस्कचं काढून लावलं की झालं, असं पुष्कळांना वाटायचं. जुन्या डिस्कमध्ये चालायचंही. पुढे प्रत्येक डिस्कच्या बोर्डावर एका चिमुकल्या चिपमध्ये त्याच डिस्कची मापं नोंदवलेली येऊ लागली: तिची हेडं किती तिरकी, कुठलं किती क्षीण. ती चिप काढून नव्या बोर्डावर डकवल्याशिवाय डिस्क स्वतःलाच ओळखत नसे.

या कामाची परिसीमा आकाशातून पडलेली आहे. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान परत येताना टेक्सासवर तुटलं. कल्पना चावला त्यातच होती. काही महिन्यांनी एका कोरड्या पडलेल्या तलावात एक हार्डडिस्क सापडली, जळून काळी पडलेली, आतले भाग वितळलेले. तिच्यावर झेनॉन वायूच्या प्रवाहीपणाच्या प्रयोगाची मोजमापं होती. अमेरिकेतल्या ऑनट्रॅक या रिकव्हरी कंपनीने तबकड्या काढल्या, धुतल्या, दुसऱ्या डिस्कमध्ये बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळवली. तबकडीचा जो भाग बिघडला होता तिथे सुदैवाने काही लिहिलेलंच नव्हतं. त्या मोजमापांवरचा शोधनिबंध २००८ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू ई'मध्ये छापून आला.

माझ्याकडची डिस्क आकाशातून पडली नव्हती. टेबलावर बसल्याजागी टकटक करायला लागली. तिच्यावर धनगरी ओव्यांचं ध्वनिमुद्रण होतं: झरे, निंबवडे, दिघंची, खरसुंडीच्या यात्रेत आणि मेंढरांच्या वाड्यांवर जाऊन साठवलेलं. सुंबरान मांडणारे बहुतेक गायक तेव्हाच सत्तरीच्या पुढचे होते. फायलीच्या नावातच गाव, गाणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहायची माझी पद्धत, म्हणून वेगळी वही नव्हती. प्रयोगशाळेने हेड बदललं, लॅपटॉपच्या निम्म्या किमतीएवढे पैसे घेतले आणि जवळजवळ सगळं काढून दिलं. फक्त एक पट्टा वाचता आला नाही. डिस्कवर फायली एकीकडे असतात आणि त्यांची नावं दुसरीकडे, एका सूचीत. न वाचता आलेला पट्टा नेमका त्या सूचीचा होता. मग फायली त्यांच्या सुरुवातीच्या खुणेवरून हुडकून काढाव्या लागल्या. प्रत्येक जातीच्या फायलीची पहिली काही अक्षरं ठरलेली असतात, तेवढ्यावरून इथे ध्वनी सुरू होतो, इथे फोटो, एवढं कळतं. मला परत मिळाले ते नुसते आवाज, आणि त्यांच्यावर मशीनने दिलेले आठ-आठ आकडी क्रमांक.

आमच्या आटपाडी-खानापूर भागातले हजारो लोक गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेले आहेत. जुने दागिने आटवायचे, सराफाच्या दुकानातला केरसुद्धा जाळून, मुशीत वितळवून, तेजाबात टाकून त्यातलं सोनं वेगळं करायचं, हे त्यांचं काम. माझी डिस्क परत आली तेव्हा एक गलाईवाला नातेवाईक केरळातून यात्रेला आलेला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "मग आमचंच काम की हे." मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण मुशीतून निघालेल्या सोन्याला कुणाचं मंगळसूत्र आणि कुणाची अंगठी हे कुणी विचारत नाही. शुद्ध झालं की त्याचा भाव तेवढाच. आवाजाचं तसं नाही. ओवी कुणी म्हटली, कुठल्या वाड्यावर, कुणाच्या ढोलावर, हे गळून पडलं की तिचा भाव उतरतो.

पुढचं काम यंत्राचं नव्हतं. फायली मोबाइलवर घेऊन वाड्या-वाड्यांवर ऐकवत जावं लागलं. सुंबरान मांडताना गायक देवांची नावं घेतो, आणि कुठला देव कितव्यांदा येतो त्यावरून जाणकाराला गायक कुठल्या अंगाचा ते उमगतं. आरेवाडीचा बिरोबा आधी की खरसुंडीचा सिद्धनाथ आधी, मधे कुठल्या वाडीचं दैवत डोकावलं, ढोल कसा वळला. निंबवड्याकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी एक फाइल अर्धीसुद्धा ऐकली नाही. "थोरलं दीर हायती आमचं. परत लावा की." मी परत लावली. त्यांनी पोरांना, सुनांना हाका मारल्या आणि ती फाइल त्या दिवशी कितीदा वाजली ते मोजलं नाही. निघताना त्यांनी विचारलं की हे आमच्या मोबाइलात येईल का. आलं. ती ओवी आता तिथल्या चार-पाच मोबाइलांत आहे आणि माझ्या डिस्कपेक्षा सुरक्षित आहे. काही आवाज अजून कुणाचे ते कळलेलं नाही.

हे सगळं शक्य झालं ते तिने मागे काहीतरी ठेवलं म्हणून. एसएसडीचं मरण निराळं. आवाज नाही, अडखळणं नाही. काल चालत होती, आज मशीन म्हणतं की आत काही नाहीच. माहिती अनेक चिपांवर विखरून टाकलेली असते आणि तिचा नकाशा एका नियंत्रक चिपच्या डोक्यात. ती चिप गेली की बाकीच्या चिपा शाबूत असूनही त्यांचा अर्थ लावणं बहुतेकदा अशक्य. चुकून पुसलेली फाइल तर आणखी दुर्लभ. फिरत्या डिस्कवर 'डिलीट' म्हणजे सूचीतून नाव काढणं. मजकूर तिथेच पडून राहायचा, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. एसएसडीला पुसलेल्या जागेची वर्दी लगेच दिली जाते आणि ती फावल्या वेळात ती जागा खरोखरच साफ करून ठेवते. विंडोजमध्ये ही सोय २००९ पासून आहे. त्यातून पुष्कळ नव्या लॅपटॉपमधला साठा मुळातच कुलूपबंद असतो. चोरापासून संरक्षण म्हणून ते उत्तम आहे. पण किल्ली हरवलेला मालक आणि चोर यांच्यात ते कुलूप फरक करत नाही.

तिला फार चढवून ठेवायचं नाही. ती मंद होती, तापायची, उन्हाळ्यात मांडीवर घेऊन बसवत नसे. चालू असताना हात लागून लॅपटॉप पडला तर बहुतेक वेळा खेळ खलास. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, तिथले कारखाने पाण्यात गेले आणि डिस्कचे भाव जगभर कडाडले. तेव्हाच अनेकांनी एसएसडीकडे पहिल्यांदा वळून पाहिलं. २०१३ मध्ये सीगेटने लॅपटॉपसाठीच्या ७,२०० फेऱ्यांच्या वेगवान डिस्क बंद करत असल्याचं जाहीर केलं. ५,४०० वाल्या आणखी काही वर्षं स्वस्त लॅपटॉपमधून रेटल्या गेल्या.

आता अडचण डोनरची आहे. कपाटातल्या मेलेल्या डिस्कला हेड द्यायला तिच्याच वयाची, तिच्याच मॉडेलची दुसरी लागते, आणि त्या डिस्क किलोच्या भावाने भंगारात चालल्या आहेत. ज्याच्याकडे २०१० च्या आसपासचा लॅपटॉप माळ्यावर पडला असेल आणि त्यात हवं असलेलं काही असेल, त्याने तो 'बघू सुरू होतो का' म्हणून चालू करत बसू नये, आणि आणखी पाच वर्षं थांबूही नये. तेव्हा कदाचित काम येणारा माणूस असेल, पण सुटा भाग नसेल. माझ्या डिस्कच्या तबकड्या मी प्रयोगशाळेतून काढून आणल्या आणि बाकीची तिथेच सोडली. बोर्ड चांगलं होतं. काही महिन्यांनी फोनवर बोलताना तिथला मुलगा म्हणाला, ते कुणाला तरी लागू पडलं.